उतारावरचं ॲव्हरेज

नांदेड,
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय व्याहीबुवा अण्णाराव यांस सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं क्षेमकुशल आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मी ओरडून बोललो की आमची सौ. सौदामिनी म्हणते, शेजारचे भांडण बघायला येतील. मोबाइलवरचे मेसेज तुम्ही उघडत नाही. तेव्हा म्हटलं, पोस्टखात्याला कामाला लावू. नाहीतरी रेल्वेत आयुष्यभर कागदच काळे केले.

आपला मिहिर बँकेच्या बदलीवर गुवाहाटीला गेला, तुमची देविकाही त्याच्याबरोबर गेली. जाताना दोघांनी वाटण्या केल्या. लेक शिवांगी तुमच्या ताब्यात, गाडी माझ्या. शिवांगीच्या बारावीसाठी आणि नीटसाठी तुम्ही आणि गुणाबाई शेत बटाईनं देऊन लातुरात दोन खोल्या करून राहिलात, हे आम्ही विसरणार नाही. ट्युशनच्या गल्लीत तुमच्या वयाची किती आजी-आजोबा मंडळी नातवंडांसाठी कुकर लावत बसली आहेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझ्या वाट्याला आलेल्या लेकराची कथा ऐका. टर्बो पेट्रोल, वर ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. डावा पाय कायमचा पेन्शनवर. पण पेट्रोल पिते म्हणजे काय, उन्हाळ्यात म्हैस पाणी पिते तशी! कंपनी सांगते लिटरला अठरा किलोमीटर. मला पडले साडेनऊ. पैशाचं काही नाही हो, अपमानाचं आहे. मी लोको इन्स्पेक्टर होतो. इंजिन ड्रायव्हरांना डिझेल कसं वाचवायचं हे शिकवण्यात माझी हयात गेली. बचतीसाठी मिळालेली ढाल अजून हॉलमध्ये भिंतीवर आहे. त्या ढालीखाली बसून मी साडेनऊचं ॲव्हरेज सांगू? लोक तोंडात शेण घालतील.

तेव्हा मी ठरवलंय, शिवांगीच्या परीक्षेच्या आत या गाडीला वीसवर आणून दाखवतो. एक रविवार आड पोरीला भेटायला लातूरला येणारच आहे, कधी तिला नांदेडला घरीही आणीन, तेवढाच सराव. गुणाबाईंना नमस्कार.

आपला,
माधवराव


लातूर,
३० नोव्हेंबर २०२३

रा. रा. माधवराव व्याही यांना अण्णारावचा दंडवत.

कागद पोचला. शिवांगीनं वाचाया घेतला आन् म्हैस आली तिथं खुदूखुदू हासली. लई दिसांनी हासली बगा. ट्युशनवाले टेस्टवर टेस्ट घेऊन राहिलेत. सकाळी अंधारात जाती, दिवेलागणीला येती, जेवताना बी पुस्तक ताटाला टेकवून ठेवती. गुणाबाई म्हनती, पोरीच्या डोळ्याखाली काजळ न घालता काळं झालं.

गाडीतलं मला काय मालूम न्हाई. मळणी यंत्रापाशी उभं राहून राहून कान गेले, तेवढीच माझी यंत्राची वळख. तुमी रेल्वेचे मानूस, तुमाला आमी काय सांगावं. फकस्त सावकाश येत जा. पेट्रोल जळालं तर जळू द्या.

इकडं जमीन पुन्यांदा गुडगुडाया लागली म्हनत्यात लोक. मला आवाज येत न्हाई, पर तळपायाला कळतं. कान गेल्यापसून पायच कान झालेत माझे. गुणाबाई रोज झोपताना सगळ्यांच्या चपला दाराशी मांडून ठेवती. घरमालक हासतो. हासू द्या, त्याच्या बापाचं काय जातं.

येताना वैनींना बी घेऊन या.

तुमचा,
अण्णाराव


नांदेड,
१९ डिसेंबर २०२३

प्रिय व्याहीबुवा,

साडेतेरा! साडेनवावरून साडेतेरा! पेढे देणार होतो, पण तुमच्या साखरेची आठवण झाली.

गुपित सांगतो. टर्बो म्हणजे गाडीच्या पोटातला राक्षस. पाय जोरात दाबला की तो जागा होतो आणि टाकी रिकामी करतो. म्हणून पायाखाली अंडं ठेवलंय असं समजून दाबायचं. राक्षस झोपलेला असतानाच गाडी हळूहळू वेगाला आणायची आणि मग एका चालीत ठेवायची. पुढं सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा, उगाच पळत जाऊन ब्रेकवर उभं राहायचं नाही. हवा दर आठवड्याला तपासतो, एअर फिल्टर बदलला, मिहिरनं हौसेनं बसवलेलं टपावरचं कॅरिअर काढून माळ्यावर टाकलं. शिवांगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही गाडी चालवत नाही, तिला अंगाई म्हणता." मोठी तिखट आहे हो कार्टी!

एक तक्रार आहे, राग मानू नका. मागच्या वेळी निघताना तुम्ही डिकीत ज्वारीचं पोतं, तुपाची बरणी आणि दोन भोपळे घातलेत. व्याह्याला रिकामं पाठवत नाहीत हे मलाही कळतं. पण वजन वाढलं की ॲव्हरेज पडतं. त्या दोन भोपळ्यांनी माझं अर्धा किलोमीटर खाल्लं! यापुढं एक नारळ द्या, बस. मी स्टेपनी आणि जॅकसुद्धा काढून घरी ठेवलाय.

आता रेल्वेतली एक जुनी युक्ती वापरून बघणार आहे. उताराला गाडी स्वतः पळत असते, तिथं इंजिनानं कशाला राबायचं?

आपला,
माधवराव


लातूर,
९ जानेवारी २०२४

माधवराव व्याही यांना दंडवत.

परवा तुमी मला अहमदपूरपतोर सोडलंत, बारशाला येळेवर पोचलो. लई उपकार. नारळ एकच दिला, गुणाबाईच्या जिवाला ते लागलं हाय. व्याह्याला एका नारळावर काढून दिलं म्हनून दोन दिस घुम्यावानी बसली.

एक विचारू का? राग येऊ देऊ नका. चाकूरच्या म्होरं उतार लागला तवा तुमी दांडा हलवला. माझे पाय गाडीच्या तळाला टेकलेले व्हते. खालची धडधड एकदम बारीक झाली, आन् गाडी तर जोरात पळाया लागली. मला कसंतरीच झालं. बैल जू सोडून पळावा आन् गाडी मागनं तशीच उताराला लागावी, तसं.

रात्री शिवांगीला विचारलं. ती म्हनली, आजोबा उतारावर गाडी न्यूट्रल करत्यात. ती म्हनली, ह्या नव्या गाडीत नुसता पाय काढला तरी पेट्रोल आपसूक बंद व्हतंय, न्यूट्रलला उलटं जास्त लागतं. गाडीसंगं आलेल्या पुस्तकात बी तसं करू नका म्हनून लिवलेलं हाय म्हनं. तिनं तुमाला सांगितलं व्हतं, तुमी हासण्यावारी नेलं.

आमी अडाणी. पोरगी शास्तर शिकून राहिली म्हनून लिवलं. खरं खोटं तुमी जाणा.

तुमचा,
अण्णाराव


नांदेड,
३० जानेवारी २०२४

प्रिय व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचून आधी कपाळाला आठी पडली, मग हसलो. तुमच्या पायांना मानलं! एवढं बारीक तर आमच्या खात्यातल्या फिटरांनाही कळत नव्हतं.

शिवांगीचं म्हणणं मी पडताळून पाहिलं. पोरगी बरोबर आहे. न्यूट्रलला इंजिन चालू राहतं आणि चालू इंजिन पेट्रोल पितंच. मी कधीच हट्टाला पेटत नाही, पटलं की पटलं. म्हणून आता न्यूट्रल करून इंजिनच बंद करतो. बटण जरा दाबून धरलं की धावत्या गाडीतही बंद होतं. माळाकोळीच्या अलीकडं तो लांब उतार आहे ना, तो सगळाच्या सगळा फुकटात उतरतो! खाली आलं की बटण दाबून पुन्हा सुरू. रेल्वेत यालाच आम्ही कोस्टिंग म्हणायचो. हजारो टनांची मालगाडी मी अशी उतरवायला लावलीय, ही तर पितळी डबी. परवाचं ॲव्हरेज सतरा पॉइंट दोन. हातच्या काकणाला आरसा कशाला?

इंजिन बंद असताना स्टिअरिंग जरा जड होतं. ब्रेकही दोनतीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. पण ब्रेक दाबावाच लागू नये यातच तर ड्रायव्हरचं कसब आहे. मागच्या खेपेला उसाच्या ट्रॉलीला किंचित टेकलो. चूक ट्रॉलीवाल्याचीच, मागं दिवा ना लाल फडकं. बंपरला खोक पडलीय, ती मिहिरला कळवलेली नाही. तुम्हीही देविकाजवळ बोलू नका, उगाच पोरं तिकडं काळजी करत बसतील.

सौदामिनी आताशा गाडीत बसत नाही. वास सोसत नाही म्हणते. गुरुद्वाऱ्याकडच्या तिच्या बहिणीकडं जायचं तरी सिटीबस धरते. बायकांची नाटकं! शिवांगी मात्र मागं बसून निवांत डोळे मिटून घेते. गाडीत तिची झोप होते, हाही एक फायदाच.

आपला,
माधवराव


लातूर,
२३ मार्च २०२४

माधवराव व्याही यांना दंडवत.

परवा सकाळी तुमच्याकडं हादरा बसला म्हनून कळालं. घराभाईर आलतात का? वैनी भेल्या न्हाईत ना? उत्तर लगोलग टाका.

आज जरा जास्त लिवतो. तुमचा मागला कागद मी लई खेपा वाचला. शिवांगीला दावला न्हाई.

आमच्या जुन्या गावाचं तुमाला मालूम हाय, पर मी कधी धड सांगितलं न्हाई. मोठा भूकंप आला त्याच्या आधी सालभर जमीन हलत व्हती. पयल्यांदा हलली तवा समदं गाव रस्त्यावर. मंग सायब लोक आले, भिऊ नका म्हनले. मंग सवय झाली. भांडी वाजली की बाया हासायच्या, लेकरं हादरे मोजायची. गुणाबाईनं मातर घरात झोपाया साफ नकार दिला. देविकाला घेऊन आमी खळ्यावर झोपायचो, पावसात बी. माझा थोरला भाऊ शिवप्पा चारचौघांत म्हनायचा, अण्ण्या बायकोच्या पदराखाली झोपतो. गणपती बुडवले त्या रातीला बी त्यानं बलावलं, आज तरी घरात झोप मर्दा. मी गेलो न्हाई. दगडामातीच्या भिताडाखाली शिवप्पा गेला, वैनी गेल्या, घरची समदी गेली. माधवराव, लोकं म्हनत्यात भूकंपानं गाव मेलं. मी म्हनतो सवयीनं मेलं.

तुमची गाडी ट्रॉलीला टेकली, ब्रेक दगडावानी झाला, वैनी बसत न्हाईत, हे मला भांड्यांच्या आवाजावानी वाटाया लागलं हाय. आन् आपली शिवांगी निवांत झोपत न्हाई वो. काल गुणाबाईनं खोदून खोदून विचारलं तवा म्हनली, उतारावर आजोबा गाडी बंद करत्यात, मला बघवत न्हाई, म्हनून डोळे झाकून जीवशास्त्राची नावं म्हनत बसते. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलत न्हाई पोर.

तिच्या परीक्षेचं सेंटर नांदेडला आलं तर आमी तिला आदल्या दिशी येष्टीनं घेऊन येतो. तुमी तकलीफ घेऊ नका.

आमी लेकीवाले. आमी बोलू न्हाई. जास्त झालं असंल तर पदरात घ्या.

तुमचा,
अण्णाराव


नांदेड,
२४ एप्रिल २०२४

श्री. अण्णाराव यांस,

तुमच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहिलेलं पत्र टाकू नये असं आमचे वडील म्हणायचे. पण राग काही उतरला नाही. मग म्हटलं, रागातच लिहू.

तुम्ही भावाचं सांगितलंत, वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण त्याचा माझ्या गाडीशी संबंध काय? दुधानं तोंड पोळलं म्हणून तुम्ही जन्मभर ताक फुंकून प्यालात, आता दुसऱ्याच्या ताटातलंही फुंकायला निघालात? मी गाडी चालवतो ती अक्कल गहाण ठेवून नाही. माझ्या हाताखालच्या एकाही ड्रायव्हरला अपघात झाला नाही. आणि शिवांगी घाबरते म्हणे! तिच्या कानात हे कोणी भरवलं ते न कळण्याइतका मी खुळा नाही.

सेंटर नांदेडच आलंय. पेपर रविवारी पाच मेला दुपारी. मी शनिवारी, चार तारखेला, सकाळी लातूरला येतो आणि तिला घेऊन दुपारपर्यंत घरी पोहोचतो. रात्रभर स्वतःच्या घरी झोपेल, दुसऱ्या दिवशी सेंटरवर मीच सोडीन. नात आमची आहे. मिहिरला विचारलंय, त्याची ना नाही. देविका काही बोलली नाही, तिला तिच्या घरची रीत कळते. शनिवारी दारात गाडी उभी राहिल्यावर नात येष्टीनं गेली असं ऐकायला मिळालं, तर तुमच्या उंबऱ्याशी माझा हा शेवटचा संबंध. मग पुढं देविकाच्या माहेरी कोण येतंय-जातंय ते तुम्हीच बघा.

आणि हो. एकोणीस पॉइंट एक झालंय. शनिवारी पहाटेची थंड हवा, एसी बंद, पोरीची एकच बॅग. वीस होणार म्हणजे होणार. फोटो काढून मिहिरला पाठवीन, तुम्हालाही छापून पाठवतो, भिंतीला लावा.

माधवराव


लातूर,
२८ एप्रिल २०२४

माधवराव व्याही यांना दंडवत.

कागद पोचला. तुमचं खरं हाय. नात तुमची हाय. या.

येक मागणं हाय. मी बी संगं येतो. म्होरच्या सीटवर बसीन, बोलनार न्हाई. गुणाबाई म्हनली, व्याही एवढ्या लांबून येनार आन् आपून एका नारळावर काढून देनार का. तिचं मन तुमाला माहीतच हाय.

चहा घेऊनच निघू.

तुमचा,
अण्णाराव


नांदेड,
११ मे २०२४

अण्णाराव,

तुमच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून लिहितोय. दुपारचं जेवण झालंय, तुमचा डोळा लागलाय. गुणाबाई खाली औषधं आणायला गेल्यात. तुम्ही बोलता ते मला ऐकू येतं, मी बोलतो ते तुम्हाला नाही. म्हणून या आठ दिवसांत मी पाटीवर दोन-दोन शब्द लिहून दाखवले, पाणी हवं का, कूस बदलू का. जे लिहायला हवं ते लिहिलं नाही. आज लिहितो.

मागच्या शनिवारचं तुम्हाला आठवत नाही असं डॉक्टरांना म्हणालात. खरं असेल तर ऐका, आणि माझ्यासाठी म्हणाला असाल तर तेही ऐका.

मी तुमच्या दारात गाडी लावली. तुम्ही एकटेच उभे होतात, धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात नारळ. मी विचारलं, शिवांगी कुठाय? तुम्ही माझ्या ओठांकडं बघितलंत आणि म्हणालात, "पहाटंच्या बसनं गेली, आजीसंगं. आता लोह्यापतोर पोचल्या असत्याल. राग काढायचा तर माझ्यावर काढा. पर व्याह्याची गाडी आमच्या दारातनं रिकामी जाऊ न्हाई, म्हनून मी बसतो." आणि खरोखरच दार उघडून बसलात! मला एवढा संताप आला की चहासुद्धा घेतला नाही. तशीच गाडी काढली. तुम्ही चपला काढून अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवून बसला होतात. त्या पायांचाही मला राग आला.

माळाकोळीचा उतार लागला तेव्हा स्क्रीनवर एकोणीस पॉइंट आठ होतं. मी दांडा न्यूट्रलला घेतला आणि बटण दाबून धरलं. तुम्ही लगेच माझ्या मनगटावर हात ठेवलात. म्हणालात, "माधवराव, मेली ती. जागी करा तिला." मी हात झटकला. अण्णाराव, मी हात झटकला हो तुमचा.

वळणानंतर टेम्पो उभा होता, चाक पंक्चर झालेला, त्याची माणसं रस्त्यावरच बसलेली. एकदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा दाबला, अर्धा. तिसऱ्यांदा पाय दगडावर पडला. घाईत दांडा मागं डीवर, म्हणजे पळायच्या गिअरवर, ओढून बटण दाबलं, पण दांडा डीवर असताना ही गाडी सुरू होत नाही. मला माहीत होतं ते. चाळीस वर्षं लोकांना घाबरू नका म्हणून शिकवत आलो, आणि त्या क्षणी मला काहीसुद्धा आठवलं नाही. तुम्ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग तुमच्या बाजूला ओढलंत. टेम्पोची माणसं वाचली. मी वाचलो. झाड तुमच्या बाजूला होतं. शिवांगी असती तर तिच्या जागेवर, मागं, काचेचा नुसता सडा होता.

इंजिन बंदच होतं, पण स्क्रीन पेटलेली राहिली. त्यावर वीस पॉइंट एक होतं. मी ते वाचलं, अण्णाराव. तुमच्याकडं बघायच्या आधी मी ते वाचलं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. घरी जाऊन ढाल उतरवली, सौदामिनीनं कुठं नेऊन टाकली ते विचारलं नाही.

शिवांगीला रविवारी पेपर सुटेपर्यंत आम्ही काही सांगितलं नाही. गेटातून हसत बाहेर आली आणि विचारलं, "आबा आणि आजोबा, दोघंही कुठायत?" पेपर बरा गेला म्हणते. त्यानंतर मात्र ती माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकत नाही.

आता खरं ते. काल तुम्ही सकाळी विचारलंत, पायांवरचं पांघरूण कामून काढलं? पांघरूण काढलं नव्हतं, अण्णाराव, ते अंगावरच होतं. परवा डॉक्टर तुमच्या तळपायांना सुई टोचत होते आणि तुम्ही माझ्याशी उसाच्या भावाचं बोलत होतात. पाठीच्या मणक्याला लागलंय. डॉक्टर म्हणतात, कमरेखाली जाणीव परत येईलसं वाटत नाही. गुणाबाईंना माहीत आहे. देविका-मिहिर उद्या पोहोचतील, त्यांनाही फोनवर सांगितलं. तुम्हाला सांगायचं काम मी मागून घेतलंय. उद्या डॉक्टर फेरीला येण्याआधी हे पत्र मीच तुमच्या हातात देणार आणि तुम्ही वाचून होईपर्यंत इथंच बसणार. शिव्या द्याव्याशा वाटल्या तर द्या, मला ऐकू येतं.

आज सकाळची गोष्ट राहिली. तुम्ही छताकडं बघत पडला होतात. एकाएकी तोंडभर हसलात आणि म्हणालात, "चला, जमीन थांबली येकदाची. दोन वर्सांत एवढी गप कधी नव्हती. माधवराव, आठ दिस झाले, कायसुदिक न्हाई."

मी मान डोलावली. तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. आणि तुमच्या उशाशी स्टीलच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणी थरथरत होतं. खिडकीची काच वाजत होती. वॉर्डातले बाकीचे पेशंट उठून बसले होते, दाराकडं बघत होते. दहाएक श्वास चाललं आणि थांबलं.

इथं लोक म्हणाले, छोटासाच होता, सवय झालीय.

मी मघाशी घरी जाऊन आलो. गुणाबाईंनी सांगितलं होतं तशा चपला दाराशी मांडून ठेवल्यात. आज रात्री मी इथंच झोपतोय, जमिनीवर, अनवाणी.

तुमचा,
माधवराव